केसरबाईंच्या दोघी आणि मी

मित्रांनो, इंदापुरात एका पत्र्याच्या शेडखाली झेंडूसारखा पिवळा, नाक पुढे काढलेला एक अवाढव्य ट्रक उभा असतो. तो मी. माझ्याकडे बघून 'हे काय धूड आहे?' असं कृपा करून म्हणू नका. मी जुना आहे, पण लष्करातला आहे. अजूनही कुणी कडक आवाजात हुकूम सोडला, की माझ्या स्प्रिंगांचे पाटे आपोआप ताठ होतात.

माझा जन्म जबलपूरच्या कारखान्यात झाला. रंग हिरवा, चाकं माणसाच्या छातीएवढी आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद. तरुणपणी मी तोफा ओढल्या, जवान वाहिले, राजस्थानच्या वाळूत रुतलो आणि डोंगरातल्या बर्फात गारठलो. पण खरं सांगू? तिथे मला कशाचंच आश्चर्य वाटलं नाही. लष्करात आश्चर्य करत बसायला वेळच नसतो. हुकूम आला की निघायचं, पोचलं की उभं राहायचं. तोंडाचा आ वासायला मी शिकलो तो म्हातारपणी, बारामतीत आल्यावर.

वय झालं तसं मला खडकीच्या एका आवारात आणून उभं केलं. अंगावर खडूने नंबर लिहिला. भंगारवाले यायचे, माझ्या पत्र्यावर टकटक करून आवाज ऐकायचे आणि पुढे जायचे. एके दिवशी मात्र एक पांढऱ्या मिशांचा माणूस आला. त्याने टकटक केली नाही. तो सरळ माझ्याखाली शिरला, उताणा झोपला आणि हसायला लागला.

"आरं, ह्याची चाशी आजून पैलवानासारखी हाय की!"

हे निमगाव केतकीचे आप्पासाहेब. लष्करात त्यांनी माझ्याच जातीचे ट्रक चालवले होते. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा ते भाकरी आणि घोंगड्या घेऊन मदतीला गेले होते. पाऊस लागला आणि भरलेल्या गाड्या काळ्या चिखलात जागच्या जागी बसल्या. पलीकडे माणसं वाट बघत होती आणि अलीकडे भाकऱ्या वाळत होत्या. ते दृश्य आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढून हलेना. 'आपल्या भागाला एक न अडणारी गाडी पाहिजे,' असं त्यांनी गावोगाव सांगत फिरून लोकांना पटवलं आणि वर्गणी जमवली. अशी माझी भंगारातून सुटका झाली.

बारामतीत बुद्धघोष यांचं वर्कशॉप होतं. ते उसाच्या ट्रॉल्या बांधायचे. मला पाहिल्यावर ते माझ्याभोवती नुसते फिरत राहिले. मग पत्नीला म्हणाले, "प्रियदर्शनी, ट्रॉल्या काय कुणीबी बांधंल. ह्यो मला मिळाला!"

प्रियदर्शनीताई दवाखान्यात नर्स होत्या. काम संपलं की त्या वर्कशॉपमध्ये यायच्या, माझ्या आत चढायच्या आणि खरोखरच आडव्या पडून बघायच्या. "स्ट्रेचर एवढं खाली नको, मला वाकून सुई लावता आली पाहिजे," असं सांगायच्या. सलाईनच्या बाटलीचा हूक कुठे हवा, तेही त्यांनीच ठरवलं.

मित्रांनो, माणसाच्या हातांसारखी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. माझ्या धुराचं नळकांडं वळवून टपाच्या वर नेलं. श्वास घ्यायची नळीही उंच केली, म्हणजे कमरेएवढ्या पाण्यातही मला ठसका लागू नये. पुढे दोर गुंडाळणारा रहाट, वर मोठा दिवा, कडेला पहारी, करवती आणि पाण्याची टाकी, आणि जुन्या हिरव्यावर लांबून दिसेल असा हा पिवळा रंग. जे हात लोखंड तापवून वाकवत होते, तेच हात माझ्या कडांवर कुणाला ओरखडा येऊ नये म्हणून कानस फिरवत होते. मी जन्मभर माणसं वाहिली होती, पण माझ्यात बसणाऱ्या माणसाला काय टोचेल याचा विचार कुणी करताना पहिल्यांदाच पाहिला.

बुद्धघोष यांचा सगळा जीव मात्र माझ्या बाकड्यांवर होता. हौद्याच्या मधोमध एकमेकांना पाठ लावलेली दोन लांब बाकडी त्यांनी बनवली. सागाच्या फळ्या, खाली लोखंडी सांगाडा, वर मऊ गादी. "हलता कामा न्हाईत," म्हणत त्यांनी ती माझ्या तळाला पक्की वेल्डिंग करून टाकली. आल्या-गेल्याला ते त्या बाकड्यांवर बसवून चहा पाजायचे.

पुढे मी इंदापुरात राहायला आलो. लोक आप्पासाहेबांची चेष्टा करायचे, "लष्करानं पेन्शनच्या बदली हत्ती दिला वाटतं!" मी चिखलातून एसटी ओढून काढली, वादळात पडलेली झाडं बाजूला केली आणि मला वाटायला लागलं, की आता मला सगळं येतं.

मग एका वर्षी नीरा आणि भीमा दोघी एकदमच भरून आल्या.

वर घाटात पाऊस लागून राहिला होता. इकडे ऊन पडलं होतं, तरी नद्या चढत होत्या. नरसिंहपूरच्या संगमाकडून सकाळी निरोप आला, की नीरेच्या काठची एक वस्ती पाण्याने वेढली आहे. बाकीचे लोक पाणी कमी होतं तेव्हाच गुरंढोरं हाकत बाहेर पडले होते. एक घर मागे राहिलं होतं. त्या घरात केसरबाई होत्या आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक सारजा होती. होड्या देवळाच्या बाजूला गुंतल्या होत्या.

आप्पासाहेब स्टिअरिंगवर, निरोप मिळताच बारामतीहून आलेले बुद्धघोष आणि प्रियदर्शनीताई बरोबर, असे आम्ही बावडा गावावरून निघालो. वस्तीच्या अलीकडे ओढा आहे. एरवी त्यात कोंबडीचे पाय भिजायचे नाहीत. त्या दिवशी ओढा कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते तेच कळेना. उसाचे फक्त शेंडे वर दिसत होते. एवढं पाणी, आणि त्याला आवाज नाही. ते नुसतं सरकत होतं. तोफांना न घाबरलेलं माझं इंजिन त्या शांत पाण्यापुढे थरथरलं.

आप्पासाहेबांनी थांबून माझ्या पंख्याचा पट्टा काढला. तो काढला नाही तर पंखाच पाणी उडवून इंजिन भिजवतो. मग बुद्धघोष लांब बांबू घेऊन माझ्या पुढच्या बंपरवर उभे राहिले आणि पाण्याखाली गेलेल्या बुटक्या फरशी-पुलाची कड चाचपत सांगू लागले, "डावीकडं घ्या. आजून जरा. बास!" पाणी माझ्या दिव्यांपर्यंत आलं. मध्यावर धारेने माझी मागची बाजू ढकलली आणि मी चक्क सरकलो. पुन्हा सरकलो. आप्पासाहेबांनी ओठ घट्ट मिटले, पण गाडी थांबवली नाही. आम्ही पार झालो.

केसरबाई दारातच उभ्या होत्या. बुद्धघोष यांनी "जय भीम, मावशी," म्हटलं. त्यांनीही "जय भीम" म्हटलं, आणि पाठोपाठ सांगून टाकलं, "लेकीला न्या. मी न्हाय येत."

"का वो?" आप्पासाहेब म्हणाले.

केसरबाईंनी गोठ्याकडे हात केला. तिथे कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक म्हैस उभी होती. तिचं पोट इतकं मोठं होतं, की तिला धड वळताही येत नव्हतं. म्हणूनच ती सकाळी इतर गुरांबरोबर पाण्यातून जाऊ शकली नव्हती.

"माज्या घरात दोघी अवघडल्यात," केसरबाई म्हणाल्या. "ही सारजा आन् ती चांदी. दोघींचंबी दिवस भरल्यात. एकीला घिऊन जाऊ आन् दुसरीला दाव्याला बांधून पान्यात ठिवू? ह्ये मला न्हाय जमायचं."

"माणूस मोठं का जनावर, केसरबाई?"

"माणूसच मोठं. म्हणून तर लेकीला न्या म्हणती."

"आई न्हाय तर मीबी न्हाय," भिंतीला टेकलेली सारजा म्हणाली, आणि बोलता बोलताच तिने ओठ दाताखाली धरला.

प्रियदर्शनीताईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. "कळा सुरू झाल्यात. वाद घालायला वेळ नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नंतर नवऱ्याकडे. "अहो, बाकडी निघतील का?"

"वेल्डिंग हाय. निघायची न्हाईत. मोडायला लागतील."

"मग मोडा."

बुद्धघोष हौद्यात चढले. त्यांनी एका बाकड्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता हे काही तरी कारण सांगतील. त्यांनी घण उचलला. मित्रांनो, तो पहिला घाव मला अजून आठवतो. माझ्या तळापर्यंत झणझणला. एवढ्या लाडाने केलेलं काम हा माणूस स्वतःच्या हाताने तोडत होता, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या म्हशीसाठी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबत नव्हते. सागाच्या फळ्या एकेक करून खाली पडल्या. मी लष्करात शूर माणसं पुष्कळ पाहिली, पण त्या दिवशी मला शूर या शब्दाचा अर्थ नव्याने कळला.

जागा झाली. पण म्हैस एवढ्या उंच चढणार कशी? आप्पासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची मिशी हलली. "बाजारात जनावर कसं चढवत्यात? उंचवट्यावरनं. केसरबाई, तुमचा उकिरडा कुठं हाय?"

घरामागे वर्षानुवर्षांचा, घट्ट बसलेला, माझ्या हौद्याएवढा उंच उकिरडा होता. आणि लष्करात परेडला उभा राहिलेला, झेंडूच्या रंगाचा मी, त्या उकिरड्याला पाठ लावून उभा राहिलो! सागाच्या फळ्या मधल्या फटीवर टाकल्या. केसरबाई पुढे झाल्या, चांदीच्या गळ्याखाली खाजवत म्हणाल्या, "चल गं बाय. पानी काय आपलं न्हाय. चल." ती अवाढव्य, घाबरलेली म्हैस त्या एका आवाजामागे, एकेक पाय टाकत माझ्यात आली आणि धपकन बसली.

बाजूला सारजाला स्ट्रेचरवर घेतलं. केसरबाई दोघींच्या मध्ये बसल्या, एक हात लेकीच्या कपाळावर आणि दुसरा म्हशीच्या पाठीवर.

परत ओढा. पाणी आणखी चढलं होतं. मी मनातून धास्तावलो होतो. पण मध्यावर गेलो, धारेने मला ढकललं, आणि मी सरकलोच नाही! माझी मागची चाकं फरशीला घट्ट धरून चालली होती.

"बुद्धघोष," आप्पासाहेब ओरडले, "जाताना गाडीचं मागचं अंग सरकत हुतं. आता बघ कशी रुतून चाललीया!"

"मागं वजन बसलंय, आप्पासाहेब!"

"वजन न्हाय, म्हस बसलीया म्हस!"

जिच्यामुळे आम्हाला उशीर झाला, तीच आम्हाला धरून होती. मी थक्क झालो. वेदनेतही सारजा हसली.

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यापुढे मी थांबलो, तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. सारजाला आत नेलं. चांदीला खाली उतरवायला उंचवटा नव्हता, म्हणून ती माझ्यातच राहिली. आणि काय सांगू! थोड्या वेळाने तीही उठबस करू लागली. केसरबाई आत पळत होत्या, बाहेर पळत होत्या. दवाखान्यातले लोक खिडक्यांत जमले. इकडे माझ्या हौद्यात, जिथे सागाची बाकडी होती तिथे, एक ओलं, काळं रेडकू धडपडत उभं राहिलं. आणि आतून प्रियदर्शनीताई बाहेर आल्या, चेहऱ्यावर घाम आणि हसू.

"मावशी, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

केसरबाई माझ्या चाकाला धरून खाली बसल्या. इतका वेळ न रडलेली बाई आता हुंदके देत होती. "दोघीबी मोकळ्या झाल्या," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. माझं इंजिन बंद होतं, तरी मला वाटलं, आपल्या आत काही तरी धडधडतंय.

काही दिवसांनी त्या डबाभर खरवस घेऊन आल्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आन् ह्याला काय देऊ?"

"ह्याला डिझेल लागतं, बाई," आप्पासाहेब म्हणाले. सगळे हसले. केसरबाईंनी मात्र पदर खोचला आणि माझा हौदा स्वतः घासून धुतला.

बुद्धघोष यांनी मग नवी बाकडी केली, पण वेल्डिंग केलं नाही. ती आता कडेला उभी दुमडतात. मागे गुरांना चढायला खाली सोडता येईल अशी एक रुंद फळी बसवली. कुणी विचारलं, "ही माणसांची गाडी का जनावरांची?" तर ते म्हणायचे, "घराची."

त्यानंतर पावसाने बरीच कृपा केली. नद्या आपापल्या काठात राहिल्या, आणि मित्रांनो, संकट आलं नाही की माझ्यासारख्याची आठवण राहत नाही. आप्पासाहेबांचे गुडघे धरले, ते आता क्वचित येतात. माझे दोर कुणी कडब्याच्या गंजीला बांधायला नेले, ते परत आले नाहीत. बॅटरी उतरली आहे. टपावर चिमण्यांनी घरटं केलं आहे. चिमण्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण चाकांतली हवा जातेय याचं वाईट वाटतं.

म्हणून तुम्हाला विनंती. थोडे मोठे झालात, की वडीलधाऱ्यांना माझी आठवण द्या. अधूनमधून माझं इंजिन चालू करा, दोर जागेवर ठेवा, हवा भरा. पूर काही निरोप देऊन येत नाही. आणि पुढे कधी तुम्ही माझ्यासारखी गाडी घेऊन कुणाच्या दारात पोचलात, तर 'माणसं किती?' असं विचारू नका. 'घरात कोण कोण आहे?' असं विचारा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबा.