बुक्का सगळ्यांनाच लागतो

या हो, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकू नका, कीर्तनात झोप तिथूनच येते. आज एका माउलीची गोष्ट सांगायची आहे. तिने न केलेली क्षमा पेपरात छापून आली.

नागपुरातली विणकरांची एक वस्ती. सोसायटीच्या निवडणुकीवरून तिथल्या दोन गल्ल्या एकमेकींवर उठल्या, त्यात अनुसयाबाईंचा मुलगा रजत गेला. दगड घेऊन पुढे होता तो ताराचंद. साक्षीला कोणी उभं राहिलं नाही, तो सुटला.

ऋतुजा त्याच वस्तीतली. भांडणानंतर माणसं पुन्हा एकत्र कशी नांदतात, यावर ती विद्यापीठात संशोधन करायची. देवळात कीर्तनाला येईल त्याच्या कपाळी बुक्का लावायची सेवा अनुसयाबाईंची. एकदा ताराचंद मान खाली घालून आला, आणि बाईंनी त्यालाही ते काळं बोट टेकवलं. ऋतुजाने लिहून टाकलं, आईने मारेकऱ्याला क्षमा केली. बुक्का लावणारा हात देवाचा, तो कपाळ बघत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण निबंधाला शेवट हवा होता. परिसंवादात टाळ्या पडल्या, पेपरात बातमी आली.

पुढच्या कीर्तनाला बुक्क्याचं ताट दुसरीच्या हाती दिसलं. ऋतुजा बाईंच्या घरी गेली.

"काहून वं, मी कवा म्हटलं तुले, माफ केलं म्हणून?" अनुसयाबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर झाली नाही. "पेढे घेऊन आला तो. म्हणे, काकू, पेपरात वाचून लय रडलो. पोरगा फोटोतून पाहून राहिला, अन् मी हातात पुडा धरून उभी."

"काकू, चुकलं माझं."

"मले इचारलं असतं तर शाई सरली असती का तुही? आता ताट धरलं का सारे माह्या बोटाकडेच पाहतेत."



एकादशीला बुवांची परवानगी घेऊन ती वीणेशेजारी उभी राहिली. "अनुसयाकाकूंनी कोणालाच माफ केलेलं नाही. ते मी मनाचं लिहिलं. विद्यापीठालाही तसं कळवलंय."

ताराचंद उठला, दारापर्यंत गेला आणि चपलांपाशीच खाली बसला. मग अनुसयाबाईंनी ताट मागून घेतलं. रांगेत फिरल्या, दारापर्यंत गेल्या, त्याच्याही कपाळी बोट टेकवलं आणि परत फिरल्या.

शेवटी ऋतुजाचं कपाळ आलं. तिलाही बुक्का लागला. ही माफी नव्हे, हे आता तिच्याइतकं कोणाला कळणार? तिने डोळे मिटून घेतले.

त्या निबंधात रजतचं नाव कुठेच नव्हतं हो, नुसतं 'मृत तरुण' होतं. तेव्हा तुमच्या कपाळी कधी बुक्का लागला, तर क्षणभर त्या पोराची आठवण करा. रजत म्हणायचे त्याला.