सकिनासाठी शक्य ते सर्व

आखातातल्या रुसैलजवळच्या एका खासगी रुग्णालयाचे म्हणणे असे की, बाळंतपणानंतर रक्तस्रावाने दगावलेल्या सकिनासाठी ‘शक्य ते सर्व’ करण्यात आले. विधान निर्दोष आहे. काय शक्य असावे हे आधी कोणी ठरवले, तेवढेच त्यात नाही.

औषधे दिली होती, हे खरे. गर्भाशय तरीही आकसले नाही. तेव्हा बाळंतपण करणाऱ्या डॉ. वल्लरींनी धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात शिकलेला उपाय काढला: कंडोम रबरी नळीला घट्ट बांधायचा, गर्भाशयात सरकवायचा, सलाईनने फुगवायचा. आतून दाब बसतो, रक्त थांबते. खर्च चहाच्या कपाएवढा. ट्रेमध्ये नळी होती, दोरा होता, सलाईन होते. कंडोम नव्हते. सिस्टर रशीदा खाली धावली. शुक्रवारच्या नमाजासाठी औषधांचे दुकान बंद. नळीला हातमोजा बांधून पाहिला, तो गाठीपाशी गळला. मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर, ॲम्ब्युलन्समध्ये, वल्लरी मुठीने गर्भाशय दाबून बसल्या होत्या. सकिना त्यांच्या हाताखालीच गेली.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापक कृष्णकांत यांनी सकिनाच्या नवऱ्याला, मजीदला, बोलावले; वल्लरींनाही. मजीद मवालेह या भागातल्या बाजारात भाजीच्या पेट्या उतरवतो. खुर्ची दिली तरी मजीद बसला नाही.

“अल्लाची मर्जी, मजीदभाई,” आयुष्यभर सत्यनारायण घालणारे कृष्णकांत म्हणाले. “मॅडम, आता खलास करू या हा विषय.”

“अल्लाला कशाला मध्ये ओढता, सर?” वल्लरी म्हणाल्या. “ट्रेमधली कंडोमची पाकिटं कुठं गेली? मी स्वतः ठेवली होती.”

“मॅडम, नोकरी इथंच करायचीय ना?”

“करायचीय. म्हणूनच विचारतेय. उद्या त्याच टेबलावर दुसरी बाई असेल.”

“साहेब,” मजीद म्हणाला, “माझी सकिना जायचीच होती काय? एवढाच सांगा.”

कृष्णकांतांनी एसीचा रिमोट उचलला, खाली ठेवला. वल्लरींनी खुर्ची ओढून दारासमोर घेतली आणि बसल्या.

“यल्ला, बोला, सर. मला घाई नाही. आज माझी ओपीडी रद्द केलीय.”

मजीदकडे न पाहता कृष्णकांत जे बोलले ते जसेच्या तसे असे:

“इन्स्पेक्शनला मोठी माणसं येणार होती. बायकांच्या वॉर्डात ती पाकिटं बरी दिसली नसती, म्हणून मीच काढायला लावली. परत ठेवायला सांगायचं राहूनच गेलं.”