कोटाचं मधलं बटण

१९८७ साली आम्हाला नवी नावं मिळाली. आमचे हे शिंपी. दुकानासमोर झालेला खून ह्यांनी पाहिला आणि कोर्टात तसं सांगितलं. आरोपीची माणसं मोकळीच होती, म्हणून पोलिसांनी भर दुपारी आम्हा दोघांना आणि मुलीला गाडीत बसवलं. धाकट्या दिरांनाही कळवू दिलं नाही.

नवी खोली पिवळसर होती. दुपारभर पडदा हलायचा आणि वाटायचं, आपण कुणाच्या तरी झोपेत राहतोय. आमची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते पोलीस साहेब महिन्यातून एकदा येऊन उजळणी घेत: जन्म कुठला, शाळा कुठली. मुलगी घडाघडा सांगे. हे मात्र स्वतःच्या नावाला ओ द्यायचे विसरत. साहेब म्हणत, ह्यांच्यापेक्षा पोपट लवकर शिकला असता.

सुई धरायची नाही, ही मोठी अट. हे गोदामात खोकी उचलत आणि घरी बसल्या बसल्या बोटांनी हवेत टाके घालत.

एकदा साहेबांच्या कोटाचं बटण लोंबकळत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुईदोरा मीच दिला. एका बटणानं काय होणार? ह्यांनी चार भोकांतून टाके काढले ते कोंबडीच्या पावलासारखे, सासऱ्यांनी दोन्ही मुलांना शिकवलेले. हाताला दुसरं येतच नव्हतं.

पुढच्या खेपेला साहेब आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. धाकटे दीर आठ महिने त्यांच्याकडे भावाची चौकशी करत होते. साहेब ठरलेलं उत्तर देत, माहीत नाही. या वेळी दिरांनी त्या बटणावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "म्हणजे दादा बरा आहे."

साहेब आम्हाला म्हणाले, "भावानं ओळखलं, उद्या दुसरा कुणी ओळखेल. आवरा."

मुलीला नुकती कुठे मैत्रीण मिळाली होती. ती रडली नाही. तिनं विचारलं, "आता माझं नाव काय?"

ह्यांनी कात्री मागून बटण कापलं.

दिरांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. जाऊबाई पुढे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, त्या दिवशी ते कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले होते. साहेब निवृत्त झाले. कोट तसाच, बटणाविना वापरत. मुलगी तिसऱ्या नावानं शाळेत शिकवते, वर्गाची हजेरी फार सावकाश घेते. हे शेवटच्या दुखण्यात फक्त पहिल्या नावाला डोळे उघडत. मी तिन्ही नावांना वळते. पडदा हलला तरी वळते.