बारानंतर चौदा

राजधानी मोरेस्बीहून बाबांची शवपेटी विमानानं आली, तेव्हा डोंगरातल्या आमच्या कुंडियावाच्या मैदानालगत ताडपत्रीखाली सगळं गाव तोंडाला सुतकाची माती फासून बसलं होतं. बायकांचा टाहो थांबत नव्हता. याच मैदानाच्या खडीवर माझे बाबा, मोंडो बोमाई, अनवाणी पायांनी रग्बी लीग शिकले. पुढे देशाच्या संघाचे कप्तान झाले, मग प्रशिक्षक. डोंगरातल्या कितीतरी घरांत मुलांची नावं त्यांच्यावरून ठेवलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी ओगिल येत असल्याचा निरोप आला आणि आमच्यात कुजबुज सुरू झाली. तिचा मुलगा ओटो बाबांच्या संघात तेरा नंबर घालून खेळायचा. एका उपांत्य सामन्यात डोक्याला मार लागून तो कोसळला. बाबांनी त्याला बाहेर घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा आत पाठवलं. आम्ही जिंकलो. देश रस्त्यावर नाचला. ओटोला तो दिवस आठवत नाही. नंतरचेही फारसे आठवत नाहीत. बाबा त्याच्या घरी कधीच गेले नाहीत.

"भरपाई मागणार ती," कुआ काका म्हणाला आणि तिला द्यायला घाईघाईनं एक डुक्कर आणून खांबाला बांधलं.

"हे? काका, ह्यालाच आधी दोन दिवस जेवायला घाल!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले आणि पुन्हा रडू लागले.

ओगिल आली ती मातीनं माखलेली, ओटोचा हात धरून. उजेड सोसत नाही म्हणून त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली होती. काकानं डुकराची दोरी पुढे केली.

"डुकरं आहेत रे माझ्याकडे," ती म्हणाली. "मोंडोची पोरगी कुठाय?"

मी पुढे झाले. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"शेवटी तू जवळ होतीस ना? माझ्या ओटोचं नाव घेतलं का गं त्यानं?"

एल्सा आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "घेतलं म्हणून सांग की," ती कानात पुटपुटली. "तुझं काय जातंय?"

शेवटच्या तापात बाबा रोज संघ मैदानात उतरवत. एकेक नंबर, एकेक नाव. बारापर्यंत येत, थांबत, माझा हात घट्ट धरत आणि मग चौदा म्हणत. मधलं नाव मलाही ठाऊक होतं. ते मीही उच्चारलं नाही.

ओगिलच्या चेहऱ्यावरची माती सुकून भेगाळली होती. ती वाट पाहत होती.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "बाकी सगळ्यांची नावं घेतली. बारानंतर थांबायचे. मग एकदम चौदा."

आत्यानं कपाळावर हात मारला.

"म्हणजे ठाऊक होतं त्याला," ओगिल म्हणाली.

"हो."

"मग यायचं होतं ना! मी काय खाल्लं असतं का त्याला?"

ती उठली. ओटोला सावलीत बसवलं, बायकांमध्ये जाऊन बसली आणि मान वर करून तिनं हंबरडा फोडला. "मोंडो, माझ्या भावा, कुठं गेलास रे!" बाकीच्या बायकांचे आवाज तिच्यापुढे बुडून गेले.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला रडता येईना.