डावा काठ वर

"माझी पेटी खोटं बोलत नाही, शिगे! समोर जे उभं राहतं तेच ती दाखवते. तुझा पोरगाच उलटा नेसून आला असेल, त्याला मी काय करू?"

"पुन्हा बोला. माझ्याकडे बघून पुन्हा बोला, नुईताई!"

नुईने मान वळवली ती माझ्याकडे, आणि माझ्या सांध्यासांध्यात धडकी भरली.

ती पेटी म्हणजे मी. फोटो काढायची पेटी. चेरीच्या लाकडाची, कोपऱ्यांना पितळ, पुढे भिंग, मागे काच, आणि मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखं चामड्याचं पोट. मला तोंड नाही. या खोलीत मी कितीही ओरडले तरी या दोघींपैकी एकीच्याही कानावर जाणार नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. आणि सरळच बोलते, मला गोडगोड बोलता येत नाही. माझ्या मालकिणीने आत्ता जे सांगितलं ते धादांत खोटं आहे. ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

दोघींच्या मध्ये चटईवर तो फोटो पडला होता. शिगेचा एकुलता एक मुलगा, इवाओ. वय सव्वीस. दुपारी दोनला म्हाकूळ मासळी धरणाऱ्या बोटीवर चढून तो तीन महिन्यांसाठी उत्तरेला जाणार होता. जपानातल्या आमच्या नोतोच्या किनाऱ्यावर माणूस असा लांब गेला की घरात त्याचा फोटो मांडतात आणि त्याच्यापुढे रोज त्याचं ताट वाढतात. भात, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं. थोड्या वेळाने साराच्या वाटीवरचं झाकण उचलायचं. आतून थेंब धरलेले दिसले, की माणूस सुखरूप. शिगेने नवऱ्यासाठी अकरा वर्षं अशी झाकणं उचलली. एका सकाळी झाकण कोरडं निघालं. सार गारढोण वाढलं असशील, असं नुई तिला म्हणाली होती. पण नवरा परत आला नाही, आणि शिगेच्या मनात त्या झाकणाची धास्ती कायमची बसली ती बसली.

आता मुलाचं ताट ज्याच्यापुढे वाढायचं तो हा फोटो. त्यात इवाओ निळा किमोनो नेसून ताठ उभा आहे, हसू दाबतो आहे, आणि त्याच्या छातीवर उजवा काठ वर आहे.

जिवंत माणूस किमोनो नेसतो तेव्हा डावा काठ वर येतो, उजवा आत जातो. उजवा वर एकदाच असतो. माणूस मेल्यावर, दुसऱ्यांनी नेसवलेला.

"तीन महिने मी या मढ्यापुढे भात वाढू?" शिगे म्हणाली.

"आई, कागद आहे गं तो," दारात बुटांशी झटापट करणारा इवाओ म्हणाला. "मढं होऊन एवढी भूक लागते का कुणाला? सकाळपासून तू मला खायला घातलेलं नाहीस."

"तू गप्प बस! तुझे ते बूट आधी काढ. तू कुठेही जाणार नाहीस."

आणि हीच मेख आहे. इवाओ दोन हंगाम किनाऱ्यावर दुसऱ्यांची जाळी विणत बसला, तेव्हा कुठे या बोटीवर त्याला जागा मिळाली. आज तो धक्क्यावर दिसला नाही, तर बोटीचा तांडेल दुसऱ्याला घेऊन निघून जाईल. मग याला बोलवायला पुन्हा कोण येणार? आईच्या भीतीपोटी घरी राहिलेला, म्हणून हा गावभर ओळखला जाईल.

माझं काय चाललं होतं विचारा. कारण मी त्याला पाहिलं होतं. तीन दिवसांपूर्वी, समुद्राकडच्या भिंतीला पांढरं कापड लावून नुईने त्याला उभं केलं, तेव्हा तो माझ्या मागच्या काचेवर डोकं खाली पाय वर असा उतरला. माझ्या काचेवर सगळं जगच तसं उतरतं, मला त्याची सवय आहे. उलट्यातून सुलट कसं वाचायचं ते मला पुरतं कळतं. इवाओ नीट नेसला होता. डावा काठ वर.

माझा जन्म तोक्योतल्या एका सुताराच्या हातचा. त्याने मला सहा महिने घासलं. मला घेतलं काबुरागी नावाच्या गृहस्थाने. परदेशी पाहुण्यांना विकायची चित्रं काढायचा. देशभर फिरवलं त्याने मला, पण काय दाखवलं! पेटाऱ्यात छत्र्या आणि रेशमी किमोनो घेऊन हिंडायचा. डोंगर चांगला दिसला की गावातली एखादी पोर पकडायची, तिला छत्री द्यायची, पुलावर उभी करायची. भर उन्हात शेतकऱ्याच्या अंगावर पावसाळी गवताचा झगा चढवायचा. ती माणसं घामाघूम व्हायची आणि पाहुणे म्हणायचे, वा, काय हा देश! माझ्या भिंगाला त्या दिवसांची अजून लाज वाटते.

त्या काबुरागीचा स्वयंपाक करायला आणि माझं ओझं वाहायला होती नुई. चौथीपुढे शाळा नाही. तिला कोणी काही शिकवलं नाही, उलट हात लावू नकोस म्हणून दटावलं. ती भात ढवळता ढवळता बघायची. काबुरागीला पुढे हातात मावणारा नवा कॅमेरा मिळाला, आणि मला चुलीत घाल म्हणाला. नुईने मला चुलीत घातलं नाही. पाठीवर बांधलं आणि आपल्या गावी चालत निघाली. पहिल्या वर्षी तिने शेकड्यांनी काचा नासवल्या. एकही चूक तिने दुसऱ्यांदा केली नाही. तेव्हा मी ठरवलं, ही बाई माझी.

मग चाळीस वर्षं आम्ही हा किनारा पायाखाली घातला. समुद्राला उतरत जाणारी भाताची खाचरं, इतकी लहान की एकावर टोपी ठेवली तर दिसेनाशी व्हावी. वाळूवर खारं पाणी शिंपणारे मीठकरी. सकाळच्या बाजारात सुकी मासळी मांडून एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी काढणाऱ्या बायका. बर्फात बुडालेलं देऊळ. नुई कोणाला सांगायची नाही, असं उभं राहा, तसं हस. तिथे जाऊन बसायची, त्यांच्याबरोबर मुळे सोलायची, आणि माणसं मला विसरली की मग काळ्या कापडाखाली शिरायची. तरी काही जण विसरत नाहीत. मला पाहिलं की म्हातारे श्वास कोंडून ठेवतात आणि बायका तोंडावर हात नेतात. घरात जो सर्वांत कमी बोलतो तो मागच्या रांगेत जाऊन टाचा उंच करतो. माझ्याइतकी माणसं कोणी पाहिली असतील तर पुढे यावं.

आणि या चाळीस वर्षांत नुईच्या हातून एकही फोटो उलटा छापला गेला नाही. हे ती स्वतः सांगते, गावही सांगतं. फोटो ज्या काचेवर उमटतो तिची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी किंचित खरखरीत. खरखरीत बाजू कागदाला टेकवायची. उलटी टेकवली, की माणूस आरशातल्यासारखा पालटतो. नुईला एका नजरेत बाजू कळायची.

कळायची. गेल्या हिवाळ्यापासून काय चाललं आहे ते मीच पाहते आहे. काळ्या कापडाखाली ती पूर्वी दहा श्वास घ्यायची, आता पन्नास घेते. भिंगाचा खटका बोटांनी चाचपते. काचेचा कोपरा ओठाला लावून बाजू ओळखायचा प्रयत्न करते, आणि ओठ थंडीने फुटलेले असले की तेही कळत नाही. चहा कपाबाहेर ओतते आणि कप वाकडा म्हणते. दवाखान्यात जात नाही. डोळ्यावर पडदा आलाय असं कोणी म्हटलं, की त्याच्याशी महिनाभर बोलत नाही.

मला भीती वाटते, तीही सांगून टाकते. नगरपालिकेच्या कचेरीत काचेचं एक कपाट आहे. जुने नांगर, जुने दिवे, पुढे चिठ्ठ्या. तिथला कारकून दोनदा येऊन मला बघून गेलाय. नुईने आपला डोळा कबूल केला, की दुसऱ्या दिवशी मी त्या कपाटात. म्हणून आठ महिने मीही तिच्या बाजूने गप्प होते. मला बोलता आलं असतं तरीही मी गप्पच बसले असते. हे माझं पाप.

पण त्या खोलीत, सव्वा वाजता, माझा धीर सुटत चालला होता.

"हे बघा नुईताई," शिगे आता ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "कागद उलटा छापला जातो, हे मला कळतं. मी एवढी अडाणी नाही. तुमच्याकडून चूक झाली एवढं म्हणा, मी याला आत्ता धक्क्यावर सोडून येते. वाटेत मिठाई घेऊन देईन."

"माझ्याकडून चूक होत नाही."

"तेच तर म्हणते मी! तुमच्याकडून होत नाही. चाळीस वर्षांत झाली नाही. मग हे कोणी केलं?"

नुईने फोटो उचलला, डाव्या डोळ्याजवळ अगदी नाकापर्यंत नेला. सकाळपासून पहिल्यांदाच तिने तो खऱ्या अर्थाने पाहिला. मी तिचा चेहरा पाहत होते. तिला कळलं. काठ दिसला, त्याच्या कडा जराशा विरघळल्यासारख्या दिसल्या. काच उलटी लावली की कडा अशाच विरघळतात. तिने फोटो खाली ठेवला, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "सांगितलं ना. तो तसाच नेसला होता."

"इवाओ," शिगे म्हणाली. "तू तसा नेसला होतास?"

इवाओ हसायला गेला. "काहीतरीच काय, आई? मी..." आणि थांबला.

"नीट आठव."

"मी घाईत होतो. आदल्या दिवशी मित्रांनी पाजली होती, डोकं दुखत होतं. आरशात पाहिलं नाही मी." त्याने नुईकडे पाहिलं. "आजी, खरंच? मी स्वतःच्या हाताने तसा...?"

"आजी खोटं सांगते का?" नुई म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता.

पोराचा रंग उतरला. इतका वेळ आई घाबरत होती आणि हा थट्टा करत होता. आता याचीच नजर छातीकडे गेली होती, जिथे किमोनोचे काठ असतात, जरी आज तिथे लोकरीचा सदरा होता. दुसऱ्या कोणी केलं असतं तर अपशकुन म्हणून झटकता आलं असतं. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला मेल्यासारखं नेसवतो, त्यावर कोण काय बोलणार?

खाली धक्क्यावर भोंगा वाजला. पहिला. तिसरा भोंगा झाला की बोटीचे दोर सुटतात.

इवाओ खाली बसला आणि उजव्या पायातला बूट काढू लागला. आईने सांगितलं म्हणून नाही. स्वतःहून.

नुई, बघ तिकडे. तुझ्या डाव्या डोळ्याला एवढं तरी दिसतं ना? मी लाकूड आहे, चामडं आहे, मी गेले कपाटात तर माझ्यापुढे एक चिठ्ठी लागेल आणि शाळेतली मुलं काचेवर नाकं दाबून मला बघतील. वाईट आहे, पण मरण नव्हे. हा पोरगा मात्र आज बूट काढून बसला तर जन्मभर आपल्या छातीवरचा काठ चाचपत राहील. आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुमच्या घरात एखादं माणूस चहा कपाबाहेर ओतून कपाला नावं ठेवत असेल, तर हसू नका. त्याच्या हातून बाकी काय काय सुटायला लागलंय ते बघा. मी बघितलं आणि गप्प बसले.

दुसरा भोंगा झाला.

"दुसराही काढ," शिगे मुलाला म्हणाली. मग तिने फोटो दुमडून कमरेच्या पट्ट्यात खोचला. "याची मी देवळात होळी करते. नुईताई, तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले. पोरगा वाचला माझा."

तिने खरोखर वाकून नमस्कार केला. कपाळ चटईला टेकवून. या खोलीत माझ्या मालकिणीला अनेकांनी नमस्कार केले, पण असा कोणी केला नव्हता. मी नुईचे हात पाहिले. ते माझ्या घोडीचा, मला पेलणाऱ्या तिपाईचा, एक पाय घट्ट धरून होते.

इवाओने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

"बांध ती नाडी," नुई म्हणाली.

"राहू द्या, आजी. आता कशाला?"

"बांध म्हणते ना, गाढवा!" ती उठली. उठताना तिचा खांदा माझ्या पितळी कोपऱ्यावर आपटला. मी तिच्या उजव्या हाताला होते, तिला तो कोपरा दिसलाच नव्हता. शिगेने मान वर केली आणि तिने ते पाहिलं. इवाओनेही पाहिलं. नुई चाचपत दोन पावलं पुढे आली, तिने शिगेच्या कमरेतला तो दुमडलेला कागद ओढून काढला, मुठीत चुरगाळला, आणि आवाज जराही न कापता म्हणाली:

"तुझा पोरगा नीटच नेसला होता, शिगे; काच मी उलटी लावली, कारण हिवाळ्यापासून मला या डोळ्याने काही दिसत नाही, आणि हे तुला सांगण्यापेक्षा त्याला मेलेला म्हणणं मला सोपं वाटलं."