काकूंचं घड्याळ आणि माझा ओठ

मी कारखान्यातला, काचांवर गोंद सोडणारा एक जुना नोझल आहे. मित्रांनो, माझ्या तोंडून आजवर एकही वेडीवाकडी रेघ आलेली नाही. पहिल्या दिवशीच्या चाळीस काचा सोडल्या तर. आणि साहेबांचा बूट. तो कापूनच काढावा लागला.

दोन पोलादी ओठ आणि मध्ये केसाएवढी फट, एवढाच माझा देह. फटीतून मधासारखा दाट गोंद उतरतो, खाली काच सरकते आणि तिच्यावर सगळीकडे सारखा थर बसतो. त्यावर दुसरी काच ठेवली, की झाला गाडीतला नाहीतर दवाखान्यातला स्क्रीन. मध्ये एक बुडबुडा राहिला, तर सगळंच भंगारात.

मला सांभाळायचे काका. काम संपलं की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे आणि मऊ फडक्यानं माझे ओठ पुसायचे. याला नखसुद्धा लावायचं नाही, असं नव्या माणसांना इतक्यांदा बजावायचे, की लोक मला 'काकांचा जावई' म्हणायला लागले.

मग काकू गेल्या. पंधरा दिवसांनी काका कामावर आले, ते जाड मनगटावर काकूंचं एवढंसं स्टीलचं घड्याळ बांधून. पट्टा पुरत नव्हता, म्हणून दोऱ्यानं. ते दहा मिनिटं पुढे होतं. काकांना वेळेवर घराबाहेर काढायला काकूंनीच तसं लावलेलं. त्यामुळे काका आता सगळीकडे दहा मिनिटं आधी पोचायचे. जेवणाच्या सुट्टीलाही. डबा उघडून एकटेच बसायचे.

एके दिवशी मला पुसताना त्यांनी घड्याळ काढलं नाही. टक्. माझ्या ओठाला खाच पडली, घड्याळाच्या काचेला तडा गेला. काकांनी आधी घड्याळ पाहिलं. मला राग आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक काचेवर गोंदाची एक जाड रेघ उमटायला लागली. साहेबांना वाटलं, धूळ. त्यांनी पंखे बंद केले, सगळ्यांना टोप्या घातल्या, टकल्या वॉचमनला दोन. रेघ येतच राहिली. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींना कामावरून काढायचं ठरलं. मावशींनी बादली खाली ठेवली.

काकांना सगळं माहीत होतं. पण सांगितलं असतं, तर घड्याळ घालायला बंदी आली असती. म्हणून दोन दिवस गप्प होते. आता मात्र पुढे आले.

"मावशींना राहू द्या साहेब. खाच माझ्या हातून पडलीय. हे घड्याळ काढायला पाहिजे होतं."

"मग काढलं का नाही, काका?"

"काढून ठेवलं तर बंद पडेल असं वाटलं."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. मावशी राहिल्या. मला भंगारात काढायचं ठरलं. काकांना पॅकिंगला पाठवलं. तिथे हातात काहीही चालतं.

मित्रांनो, आम्हाला पुसताना हातातलं काढून ठेवत जा. आणि ज्याला ते काढवत नसेल, त्याला त्या दिवशी पुसायला लावू नका.

निघण्याआधी काकांनी मला शेवटचं काम दिलं. घड्याळाच्या तडकलेल्या काचेवर एक थर द्यायचा, वर नवी काच बसवायची. मी जीव ओतून थर दिला. सुरेख बसला. फक्त खाचेतून थोडा गोंद जास्त आला, तो तड्यातून आत उतरला. काकांनी घड्याळ गोंद घट्ट करायच्या दिव्याखाली धरलं. गोंद घट्ट झाला. काटेही.

बरोबर सहा वाजता ते बंद पडलं. त्यात सहा दहा झाले होते.