पलीकडची

"नाही, नाही, विहीणबाई! तो शब्द तोंडातून काढायचाच नाही. पुन्हा म्हणा बघू. तुमची मुलगी कुठली?"

"ओढ्याच्या त्या काठाची," विहीणबाई हाताची घडी घालून म्हणाल्या.

"शाब्बास. आणि जन्म कुठे झाला?"

"आमच्याच घरात. पली—" त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. सकाळपासून ही उजळणी चालू होती आणि दर खेपेला विहीणबाई त्याच जागी अडखळत होत्या. दहा वाजता नोंदणीवाले साहेब गाडी घेऊन यायचे होते. विहीणबाईंची जबानी पटली तर सून घरात राहणार होती, नाहीतर साहेब तिला घेऊन जाणार होते.

एरवी मिस्त्रीला बोलायचं कसं, हे शिकवायची कुणाची छाती नव्हती. ओढ्याचं पाणी केळीच्या आणि आल्याच्या मळ्यांपर्यंत चढवणारे तीन म्हातारे पंप त्याच्या हातावर जगत होते. ते अधूनमधून बंद पडत, मिस्त्रीचं तोंड मात्र कधी बंद पडत नसे. वॉशर बदलता बदलता तो शेजारी उभ्या असलेल्याची अशी टर उडवायचा, की पंप सुरू झाल्याचं त्या माणसाला उशिरा कळायचं.

वस्ती इवलीशी. ओढ्याच्या या काठाला वीस घरं, त्या काठाला चौदा, आणि मध्ये आडवा टाकलेला एक ओंडका. रस्ता आणि दुकान या काठाला, म्हणून तो काठ म्हणजे पलीकडे. गंमत अशी, की त्या काठचे लोकसुद्धा स्वतःच्या घराला पलीकडेच म्हणत. "चला, पलीकडे जातो, जेवायची वेळ झाली," असं म्हणून माणसं आपल्याच घरी जात. मळ्यांच्या वर रान होतं, रानावर डोंगर, आणि डोंगरामागे कुठेतरी दुसरा देश. त्याला वस्तीत हद्द म्हणत, तेही वर्षातून एखाद्या वेळी. तिकडे कुणाचं काही काम नसे.

पण शहरातून येणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? त्याच्या लेखी इथे पलीकडे म्हणजे एकच.

दोन महिन्यांपूर्वी साहेब पहिल्यांदा आले, तेव्हा अंगणात हीऽऽ गर्दी. साहेब घरोघरच्या सुनांची माहेरं विचारत होते. बाकीच्यांनी "इथलीच" म्हणून सांगितलं आणि मोकळे झाले. मिस्त्रीची पाळी आली. समोर एवढी माणसं जमलेली, मग जिभेला हाड कुठलं?

"साहेब, आणली ती पलीकडची, पण आता पक्की अलीकडची झालीय!"

सगळे खो खो हसले. पोटुशी सूनही पोटावरून हात फिरवत हसली. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी लिहून घेतलं.

देशाच्या नागरिकांची यादी लागली तेव्हा तिच्यात मिस्त्रीचं नाव होतं, शहरात बांधकामावर असलेल्या मुलाचं होतं, नुकत्याच जन्मलेल्या नातीचंसुद्धा होतं. सुनेचं नव्हतं. तिच्या नावापुढे शेरा होता, सीमेपलीकडील. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

गाडी दहाच्या आधीच आली. साहेबांबरोबर एक शिपाई आणि एक महिला पोलीस होती. मिस्त्रीने खुर्ची पुसून दिली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि लगेच सुरू झाला. "साहेब, माझ्यासोबत दोनशे पावलं चला. तिच्या जन्माचं घर दाखवतो. आमच्यात पलीकडे म्हणजे ओढ्यापलीकडे हो!"

"आधी म्हणालात पलीकडची. आता म्हणता ओढ्यापलीकडची. उद्या आणखी काही म्हणाल," साहेब कागद लावता लावता म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुम्ही जरा गप्प बसा. यांना बोलू द्या."

मिस्त्री गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदाच बसला असेल.

"बाई, मुलगी कुठली तुमची?"

"ओढ्याच्या त्या काठाची," विहीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. मिस्त्रीने सुटकेचा श्वास सोडला.

"जन्म?"

"आमच्याच घरात. सुईण वारली हो, नाहीतर तिने पण सांगितलं असतं."

साहेबांनी लिहिलं. मग चष्म्यावरून बघत सहज विचारलं, "म्हणजे पलीकडची नाही ना ती?"

विहीणबाई गोंधळल्या. उजळणीत हा प्रश्न नव्हता. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. तो "नाही म्हणा" अशी मान हलवत होता, पण त्या बाईने जन्मात खोटी शपथ घेतली नव्हती.

"नाही कसं म्हणू, साहेब? पलीकडचीच की ती. मी पण पलीकडचीच. माझी सगळी पोरं पलीकडेच झाली."

साहेबांनी पेन थांबवलं. शिपायाकडे वळून हलकेच म्हणाले, "हिचंही नाव तपासायला घे."

त्यानंतर मिस्त्री बरंच बोलला. हात जोडले, पाय धरायला वाकला, त्या काठच्या चौदा घरांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. नकाशात बघा म्हणाला, तर साहेबांच्या नकाशात ओढाच नव्हता. "जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करा," साहेब म्हणाले. किती दिवस लागतील, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मग मलाही न्या. तिच्यासोबत येतो."

"तुमचं नाव यादीत आहे. यादीतला माणूस आम्हाला या गाडीत घेता येत नाही."

"आणि लेकरू? सहा आठवड्यांचं आहे हो."

साहेबांनी कागद उलटून पाहिला. "तिचंही आहे यादीत," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर खाली घातली.

सुनेने बोचकं बांधलं. विहीणबाई खांबाला टेकून स्वतःचं तोंड बडवत होत्या, त्यांचे हात तिने धरले. "आई, असं नको करू. तू खरं तेच बोललीस." मग मिस्त्रीकडे वळली. "बाबा, दूध कोमट करून द्या. वाटीने नाही पीत, चमच्याने पाजा. उजव्या कुशीवर निजवलं की रडत नाही."

मिस्त्रीने फक्त मान हलवली.

"साहेब, तिला एकदा पाजून घेऊ द्या," सून म्हणाली.

"पाच मिनिटं."

ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. दाराला पडदा नव्हता, म्हणून मिस्त्री तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर उभा राहिला. अंगणात माणसं जमली होती. मागून नातीचा चुटूचुटू आवाज येत होता. जन्मभर पंपांचे आवाज ऐकलेला त्याचा कान तिकडेच लागला. आवाज हळूहळू मंद झाला, मध्येच थांबला, पुन्हा दोनदा झाला आणि मग बंद पडला. पोर झोपली होती. सुनेने तिला छातीपासून बाजूला केलं नाही, तेही त्याला न बघता कळलं.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. साहेब फाटकापाशी येऊन घड्याळ बघत म्हणाले, "झालं का?"

मिस्त्रीने चौकटीला दोन्ही हात धरले.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "अजून पितेय."

जरा वेळाने हॉर्न वाजला. खोलीत अजिबात आवाज नव्हता.

"भूक फार आहे हो तिला," मिस्त्री म्हणाला. "अजून पितेय."